मंगळवेढ्याची काळी, माळाची गावं आणि तुमचे आठ एकर

तुम्ही विचारलंय की नोकरी पुण्यात आहे, वडिलांकडून मंगळवेढ्याच्या काळ्या शिवारात पाच एकर आलेत आणि आईच्या वाटणीचे तीन एकर नंदेश्वरच्या बाजूला माळावर आहेत, तर काळ्यात बोअर मारून ऊस लावावा का, माळावर डाळिंब करावं का, की सगळं खंडानं देऊन मोकळं व्हावं. मी या तालुक्यात बरीच वर्षं शेतकऱ्यांच्या बांधावर फिरून सल्ला द्यायचं काम करतोय आणि स्वतः ज्वारी करतोय, त्यामुळे जरा लांबण लागेल पण नीट सांगतो.

आधी उत्तर देऊन टाकतो. काळ्यात बोअर नको, ऊस तर अजिबात नको, तिथं ज्वारीच ठेवा. माळाच्या तीन एकराचा निर्णय पाण्याची खात्री झाल्याशिवाय करू नका. आणि खंडानं, म्हणजे ठरलेल्या रकमेवर, द्यायच्या ऐवजी अर्धेलीनं, म्हणजे पिकाच्या अर्ध्या वाट्यावर, द्या. पण याच्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे मंगळवेढ्याची ज्वारी हे एकट्याच्या रानाचं पीक नाहीच. शेजारच्याच्या रानात काय उभं आहे, माळावरच्या धनगराची मेंढरं तुमच्या रानात बसतात का, काढणीला कुठल्या गावातून माणसं येतात, कडबा कोण नेतं, या सगळ्यावर ती उभी असते. लोक हिशोब करताना फक्त आपल्या सातबाऱ्याचा करतात आणि तिथंच गणित चुकतं.

तालुका कसा आहे ते बघा. रत्नागिरी-सोलापूर हायवेवरचं हे गाव, सोलापूर पन्नास-पंचावन्न किलोमीटर, पंढरपूर पंचवीसच्या आसपास, रेल्वे नाही. उत्तरेला भीमा, तिथली ब्रह्मपुरी, माचणूर, सिद्धापूर ही नदीकाठची गावं, तिथं ऊस आहे आणि तो समजण्यासारखा आहे. मधे गावाचं स्वतःचं काळं शिवार, झाड नाही झुडूप नाही, नजर जाईल तिथपर्यंत सपाट. आणि दक्षिणेला नंदेश्वर, भोसे, निंबोणी ही माळाची गावं, जमीन मुरमाड, पाऊस तोच पण धरून ठेवायला माती नाही. त्या बाजूची २४ गावं किती वर्षं पाण्यासाठी भांडली हे तुमच्या आजोळात कुणालाही विचारा, उपसा सिंचनाचं नाव काढलं की माणूस तासभर बोलतो. त्याच्या पलीकडे जत आणि कर्नाटक, हुलजंतीच्या महालिंगरायाच्या यात्रेला दिवाळीत गेलात तर मराठी आणि कानडी दोन्ही कानावर पडतं. म्हणजे एकाच तालुक्यात तीन वेगळी शेती आहेत, आणि नदीकाठच्या पाहुण्यानं दिलेला सल्ला काळ्या शिवारात लागू होत नाही, काळ्याचा माळाला होत नाही. तुम्हाला ऊस लावा म्हणून कुणी सांगितलं ते माहीत नाही पण तो बहुतेक नदीकाठचा असणार.

दामाजीपंतांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो, दुष्काळात बिदरच्या बादशहाची कोठारं लोकांसाठी उघडली ती. त्या गोष्टीतली भक्ती आहेच, पण मला त्यात कायम हे दिसतं की उघडायला इथं कोठारं होती आणि त्यात धान्य होतं. बाकीकडे पाऊस चुकला तरी या मातीत काहीतरी पिकायचं. ते का पिकतं हे समजून घेतलंत तर बोअरचा विचार आपोआप सुटेल.

सोलापूरकडचा पाऊस जून-जुलैत भरवशाचा नाही, खरा जोर सप्टेंबरात, परतीला. म्हणून या शिवारात खरिपात रान मोकळं ठेवतात, तण आलं की कुळव मारतात, आणि पडेल तो पाऊस जमिनीत मुरवतात. खोल काळी माती पाणी आत धरते आणि फार हळू सोडते. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, म्हणजे उत्तरा-हस्ताच्या आसपास पेरणी, आणि त्याच्यानंतर एक थेंब नाही पडला तरी ज्वारी जमिनीतली ओल आणि थंडी यांच्यावर फेब्रुवारीपर्यंत जाते. पेरणीनंतर पाऊसच नाही आणि तरी घरात पोती आली अशी सालं या शिवारात नवीन नाहीत. याला वरून पाणी दिलं की काय होतं? निचरा होत नाही. पहिली चार-पाच वर्षं ऊस जोरात येतो, सगळे खूश, मग रान चिबडायला लागतं, क्षार वर येतो, आणि मग तिथं ऊसही नीट येत नाही आणि ज्वारी तर नाहीच. अशी रानं कॅनॉलच्या भागात जाऊन बघा, उन्हाळ्यात वर पांढरी पूड दिसते. खोल काळ्या रानाचा निचरा सुधारायचा तर पाईप पुरून चर काढावे लागतात, तो खर्च पाच एकराच्या मालकाला झेपत नाही.

आता तुमचे पाच एकर खरोखर खोल काळे आहेत का हे आधी बघायला पाहिजे, कारण शिवार काळं म्हणून सगळं रान सारखं नसतं. वरून रंग बघून कळत नाही. प्रत्येक एकरात एक याप्रमाणे खड्डे घ्या, मुरूम किंवा चुनखडी लागेपर्यंत. एक फुटातच मुरूम लागला तर ते हलकं रान, दोन फुटांपर्यंत माती असेल तर मध्यम, त्याच्या पुढे गेली तर भारी. तीन फूट खोदूनही काळीच लागली तर ते रान विकू नका आणि त्यात ज्वारी सोडून दुसरं काही करू नका. खड्ड्यावरूनच वाण ठरतं. भारी जमिनीला आपली जुनी मालदांडी ३५-१ आहेच, १९३० च्या दशकात आपल्याच मोहोळच्या केंद्रावर स्थानिक मालदांडीतून निवडलेली, आणि इतकी वर्षं झाली तरी भाकरीला आणि कडब्याला लोक तिलाच मानतात. राहुरी विद्यापीठाची फुले वसुधा, फुले यशोदा भारीलाच. मध्यमला फुले सुचित्रा, हलक्याला फुले अनुराधा किंवा फुले माउली. हलक्या रानात मालदांडी टाकून नंतर कणीस बाहेर यायच्या आधी पोटरीतच वाळली म्हणून रडण्यात अर्थ नाही, तिला तेवढी ओल पुरतच नाही.

कामाचं सांगतो, कारण पुण्यात बसून अर्धेलीवाल्याला काय विचारायचं हे तुम्हाला माहीत असलं पाहिजे. जून-जुलैत रानात उताराला आडवे छोटे वाफे पाडून घ्यायचे म्हणजे पाणी पळत नाही, हे काम बहुतेक जण टाळतात आणि सगळ्यात जास्त फरक यानंच पडतो. बियाणं एकरी चार किलो पुरे, त्याच्यावर जास्त टाकलं की झाडं दाटतात आणि ओल वाटून संपते. बियाण्याला ३०० मेशचं गंधक किलोला चार ग्रॅम चोळलं की काणी हा बुरशीचा रोग येत नाही, खर्च नगण्य आहे तरी लोक विसरतात. पेरणी दोन चाड्याच्या पाभरीनं, खत आणि बी एकाच वेळी, खत खाली बी वर. कोरडवाहूला नंतर वरून युरिया फेकून उपयोग नाही, ओल खाली असते आणि खत वर सुकत पडतं.

आणि कोळपणी. हे मी दरवेळी जोर देऊन सांगतो. पेरणीनंतर तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या आठवड्यात, अशा तीन. पहिली दोन तणासाठी पण तिसरी भेगांसाठी. काळी जमीन सुकायला लागली की फाटते, डिसेंबर-जानेवारीत कोळपं न फिरलेल्या रानात भेगेत हात घातला तर कोपरापर्यंत जातो, आणि आत बोटांना तुटलेली मुळं लागतात, बाजूनं गार ओल लागते. ती ओल त्या भेगेतून वर उडून चाललेली असते. दातेरी कोळपं फिरवलं की वरची माती भुसभुशीत होऊन भेगेत पडते आणि भेग बुजते. कोळपणी म्हणजे अर्धं पाणी असं जे म्हणतात ते उगीच नाही. ज्या रानात ही तिसरी कोळपणी होत नाही तिथं दाणा भरताना ओल संपते, खडखड्या रोग येतो, ताटं खालून पोकळ होऊन वाऱ्यानं आडवी पडतात, आणि दाणा पण गेला कडबा पण गेला. अर्धेलीवाल्याला फोन करून बाकी काही विचारलं नाही तरी चालेल, आठव्या आठवड्यात कोळपलं का एवढं विचारा, जमलं तर फोटो मागवा.

आता शेजाऱ्याचा विषय. ज्वारी दाण्यात आली की पाखरं येतात. शंभर एकर सलग ज्वारी असली की पाखरं सगळीकडे वाटली जातात, प्रत्येकाचं थोडं थोडं जातं आणि कळतही नाही. पण आजूबाजूला ऊस झाला आणि मधे तुमची पाच एकरच ज्वारी राहिली की सगळा थवा तुमच्यावर. मग रानात उंच माळा (मचाण) घालून गोफण घेऊन सकाळ-संध्याकाळ माणूस बसवायला लागतो आणि आता असा माणूस मिळत नाही, पोरं शाळेत जातात आणि जायलाच पाहिजेत. वर शेजारच्या उसाचं पाणी पाझरून तुमच्या बांधाकडच्या पट्ट्यात येतं ते वेगळंच. म्हणून म्हणतो की हा निर्णय तुमच्या एकट्याचा नाही. बांधाला लागून असलेल्या चार-पाच मालकांना एकदा गाठा, जत्रेला सगळे गावात असतातच, आणि सलग पट्टा ज्वारीचा ठेवायचा का ते बोला. जिथं असं बोलणं झालंय तिथं ज्वारी टिकलीय आणि जिथं प्रत्येकानं आपापलं बघितलं तिथं सगळ्यांनाच बोअर मारायला लागलेत.

माळाच्या गावांचा संबंध इथं येतो आणि तुमचं आजोळ त्या बाजूला आहे ही चांगली गोष्ट आहे. पिढ्यान् पिढ्या उन्हाळ्यात माळावरची मेंढरं काळ्या शिवारात येऊन बसतात. रान रिकामं असतं, मेंढरं दिवसा धसकटं आणि बांधाचा पाला खातात, रात्री तुमच्या रानात वाघूर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावून बसवली जातात, लेंडी आणि मूत थेट मातीत. मालक त्याच्या बदल्यात धान्य किंवा पैसे देतो. शेणखताची ट्रॉली आता परवडत नाही आणि चांगलं खत मिळत पण नाही, त्यामुळे मेंढरं बसवणं हे आजही सगळ्यात स्वस्त आणि उत्तम खत आहे. पण ऊस असलेल्या रानात मेंढरं बसवणार कुठं? काळ्या शिवारातली ज्वारी कमी झाली की माळावरच्या धनगराची उन्हाळ्याची चराई जाते, तो मेंढरं विकतो, आणि मग उरलेल्या ज्वारीवाल्याला खत मिळत नाही. हे मी तालुक्यात होताना बघतोय आणि मला याचं फार वाईट वाटतं, कारण एकदा मेंढरांची खांडं, म्हणजे कळप, मोडली की परत उभी राहत नाहीत. तुमच्या मामांच्या ओळखीत कुणाची मेंढरं असतील तर या उन्हाळ्यातच तुमच्या पाच एकरात बसवून घ्या, आधी सांगून ठेवायला लागतं, ज्यांची मेंढरं जास्त त्यांच्या तारखा लवकर लागतात.

काढणीची माणसं पण तिकडूनच येतात. आपल्याकडे मालदांडी कापत नाहीत, मुळासकट उपटतात. फेब्रुवारी-मार्चमधे पहाटे सुरू करतात कारण दवानं ताट नरम असतं, हाताला कमी कापतं, उन्हं वर आली की काम थांबतं. बायका हाताला फडकी गुंडाळून ओळीनं उपटत जातात, मागं पेंढ्या बांधल्या जातात, मग कणसं मोडायची आणि मळणी मशीनमधे. मोठं हार्वेस्टर इथं चालत नाही असं नाही पण कडब्याचा चुरा होतो, आणि कडबा गेला तर अर्धं पीक गेलं. खरं संकट आज पाऊस नाही, काढणीची मजुरी आहे. ज्वारी सोडणारे दहातले आठ जण मला हेच कारण सांगतात. याला मला दिसलेला एकच उपाय चालतो, तो म्हणजे एकाच टोळीला दरवर्षी काम द्यायचं, पैसे वेळेवर द्यायचे, आणि धान्याचा ठरलेला वाटा मोडायचा नाही. माळाच्या गावात घरची ज्वारी पुरत नाही, त्यांना वर्षाची भाकरी यातून होते, म्हणून रोख जास्त देणाऱ्यापेक्षा धान्य देणाऱ्याकडे टोळी आधी येते.

पैशाचं बोलूया. चांगल्या साली नीट केलेल्या भारी रानात एकरी आठ-दहा क्विंटल, मधल्या साली चार-पाच, आणि वाईट साली घरच्यापुरतं. मालदांडीचा हमीभाव २०२४-२५ ला ३४२१ रुपये होता, २०२५-२६ ला ३७४९ झाला, आणि स्वच्छ टपोऱ्या मालाला बाजारात बहुतेक वेळा त्याहून जास्त मिळतं. पण हिशोबात कडबा धरा. कडबा पेंढ्यांच्या शेकड्यावर जातो, दुष्काळी सालात सांगोला-आटपाडीकडचे गाई-म्हशीवाले दारात येऊन नेतात आणि तेव्हा कडब्याचे पैसे धान्याच्या बरोबरीला येतात. अर्धेलीच्या बोलणीत कडब्याचं वेगळं आणि स्पष्ट ठरवा, भांडणं कायम तिथंच होतात. एकराच्या एका कोपऱ्यात हुरड्यासाठी फुले उत्तरा किंवा फुले मधुर टाकली तर डिसेंबर-जानेवारीत पुण्यातल्या तुमच्या ऑफिसातच गिऱ्हाईक आहे, ते मात्र तुम्ही स्वतः बघितलं तरच.

जीआयचं, म्हणजे भौगोलिक मानांकनाचं, पण तुम्ही विचारलंय. मंगळवेढा ज्वारीला २०१६ ला मानांकन मिळालं हे खरं आहे. पण नुसत्या मानांकनानं आडतीवर पोत्याला एक रुपया जास्त मिळत नाही, आडत्याला त्याच्याशी घेणंदेणं नाही. फायदा कुणाला होतो तर जो अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करतो, माल स्वच्छ करून पाच-दहा किलोच्या पिशव्या भरतो आणि थेट घरी पोचवतो त्याला. २०२३ हे भरडधान्य वर्ष झालं तेव्हापासून शहरात ज्वारी मागणारे वाढलेत आणि मंगळवेढ्याचं नाव त्यांना माहीत आहे. तुम्ही पुण्यात आहात, गावातल्याला जे जमत नाही ते तुम्हाला जमेल. उलट मी म्हणेन की तुमचा खरा उपयोग रानात नाही, विक्रीत आहे, आणि शेजारच्या चार-पाच जणांचा माल पण तुमच्यातून गेला तर सलग पट्टा टिकवायला त्यांना कारण मिळेल.

माळाच्या तीन एकराचं थोडक्यात. डाळिंब हे पीक वाईट नाही, सांगोल्यानं त्यावर घरं बांधली. पण तेल्या आणि मर हे रोग आणि अलीकडे खोडाला भोकं पाडणारा भुंगेरा यांनी तिथल्या किती बागा काढायला लागल्या ते एकदा जाऊन बघा. ही बाग रोज माणूस मागते, पुण्यातून होत नाही. तरी करायचीच असेल तर केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, तिथं आधी माती-पाणी दाखवा, आणि रोपं तिथल्या सल्ल्यानंच आणा. त्या भागात बोअर पाचशे फुटांच्या खाली नेऊनही कोरडे जातात, कर्ज काढून बोअर मारू नका. म्हैसाळचं किंवा उपशाचं पाणी तुमच्या गटापर्यंत नक्की कधी येणार हे पुढाऱ्याच्या भाषणावरून धरू नका, पाण्याची चारी तुमच्या बांधापर्यंत आली की मग बाग. तोपर्यंत पावसाळ्यात बाजरी-तूर, मटकी, हुलगा, आणि बांधानं बोर-सीताफळ लावून ठेवा. सीताफळ कमी पाण्यावर तगतं.

कागदाचं एक. खंडानं दिलं की घेणारा त्याच्या मनाचं करतो, कॅनॉलचं पाणी मिळालं की तो ऊसच लावणार, त्याला तुमच्या मातीचं पुढच्या वीस वर्षांचं काय. म्हणून अर्धेली, आणि लेखी, पीक ज्वारी असं लिहून. ई-पीक पाहणी दर हंगामात करा, ती राहिली की विमा आणि भरपाई दोन्हीला अडकता. १ रुपयातला पीक विमा २०२३ ला आला होता तो २०२५ ला बंद झाला, आता रब्बीला विमा रकमेच्या दीड टक्का हप्ता आहे आणि ज्वारीची मुदत साधारण ३० नोव्हेंबर असते.

आत्ता उन्हाळा आहे म्हणजे खड्डे घ्यायला आणि मेंढरं बसवायला हाच वेळ. खड्ड्यांची खोली आणि बांधाच्या चारी बाजूला सध्या काय पीक असतं एवढं कळवा, मग कुठल्या एकरात कुठलं वाण घ्यायचं ते नक्की सांगतो.